बैजिक अपूर्णांकांसाठी घेतलेले मोबाइलवरचे धडे : सहा महिन्यांच्या वापरानंतर

माझी मुलगी लातूर जिल्ह्यातल्या औसा येथे मराठी माध्यमातून आठवीत शिकते. बालभारतीच्या आठवीच्या गणितात ‘बैजिक राशींचे अवयव’ हे सहावे प्रकरण आहे. त्यात गुणोत्तरीय बैजिक राशींना, म्हणजे अंश व छेद बैजिक राशी असलेल्या अपूर्णांकांना, सरळ रूप द्यायचे असते आणि नेमकी तेथेच तिची गाडी अडली होती. म्हणून जुलैमध्ये आम्ही मोबाइलवरच्या मराठी धड्यांची वर्षभराची वर्गणी भरली.

धड्यांचा आवाज स्पष्ट आहे, आणि एकदा उतरवून घेतलेला धडा इंटरनेटविना चालतो, ही सोय आमच्याकडे फार कामाची ठरली. सरावाबाबत मात्र माझी गंभीर तक्रार आहे. पहिल्या महिन्यात ती (क्ष + ६)/६ या राशीतील वरचा व खालचा ६ काटून ‘क्ष’ हे उत्तर निवडत असे. उत्तर चुकले की लाल खूण येते. पण अंशातला ६ हे पद, म्हणजे बेरजेतला एक भाग आहे; अवयव, म्हणजे गुणाकारातला भाग नव्हे, आणि काटता येतो तो अंश व छेद या दोघांचा सामाईक अवयवच, हे ती खूण सांगत नाही. शेवटी मी तिला क्षच्या जागी १२ ठेवायला सांगितले. १८ भागिले ६ म्हणजे ३ आले, तिच्या उत्तराप्रमाणे १२ यायला हवे होते. ती बराच वेळ वहीकडे पाहत राहिली आणि मग मागची पाने उलटून तशाच चुका स्वतः शोधू लागली.

भागाकाराचा धडा या संचातला सर्वांत चांगला आहे. (क्ष² − ९)/(क्ष² + ५क्ष + ६) ÷ (क्ष − ३)/(क्ष + २) हे उदाहरण घ्या. भाजकाचा व्यस्त घेऊन, म्हणजे त्याच्या अंश-छेदांची अदलाबदल करून, गुणाकार मांडला आणि अवयव पाडले की [(क्ष − ३)(क्ष + ३)]/[(क्ष + २)(क्ष + ३)] × (क्ष + २)/(क्ष − ३) असे रूप मिळते. सगळे काटले गेल्यावर तिने शून्य लिहिले, कारण ‘काहीच उरले नाही’. काटणे म्हणजे भागणे, म्हणून १ उरतो, हे तिला क्ष = ५ घेतल्यावर पटले; दोन्ही अपूर्णांक २/७ येतात. छेद शून्य नको, म्हणजे क्ष −२ किंवा −३ नसावा, हे धड्यात सांगितले आहे. परंतु क्ष ३ असेल तर भाजकच शून्य होतो, हे सुटले आहे.

लातूर पॅटर्नच्या, म्हणजे परीक्षांच्या कसून सरावासाठी ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीच्या, जिल्ह्यात वेगाला मोठे मोल असले, तरी या प्रकरणापुरती मी सरावातली वेळेची मर्यादा बंद केली. वर्गणी आम्ही पुढच्या वर्षीही भरणार आहोत. दिवाळीच्या सुट्टीपासून ती रोज पाच उदाहरणे वहीत सर्व पायऱ्यांसह सोडवते, समासात क्षची एक किंमत घालून ताळा करते आणि मगच मोबाइलवरची चाचणी देते.