मावा, पिठ्या ढेकूण आणि मातीतल्या अळ्या : भाजीपाल्यात कोणत्या भुंगेऱ्यावर विसंबावे?

फवारण्या कमी करू पाहणाऱ्या भाजीपाला उत्पादकापुढे परभक्षी, म्हणजे इतर कीटक खाऊन जगणाऱ्या, भुंगेऱ्यांचे साधारण तीन मार्ग असतात. शेतात आपणहून येणारे देशी ढालकिडे (लेडीबर्ड) सांभाळावेत, पिठ्या ढेकूण ही पांढरी कीड खाणारा, प्रयोगशाळेत वाढवलेला क्रिप्टोलेमस भुंगेरा विकत आणून सोडावा, किंवा जमिनीवर वावरणाऱ्या भुंगेऱ्यांसाठी बांध आणि आच्छादन राखावे. या तिघांनाही आपण सरसकट ‘मित्रकीटक’ म्हणतो आणि निवड तिथेच चुकते, कारण तिघांचे भक्ष्य वेगळे आहे, राहण्याची जागा वेगळी आहे आणि खर्चाची तऱ्हाही वेगळी आहे.

महाराष्ट्रातल्या भाजीच्या शेतात सर्वाधिक दिसणारा ढालकिडा म्हणजे पिवळसर-तांबड्या पाठीवर काळ्या नागमोडी रेषा असलेला चिलोमेनस. त्याच्या जोडीला आडव्या काळ्या पट्ट्यांचा आणि, विशेषतः हिवाळ्यात, सात ठिपक्यांचा कॉक्सिनेला आढळतो. मादी पानाच्या खालच्या बाजूस पिवळी, उभी, लांबट अंडी पुंजक्याने घालते, तीन-चार दिवसांत अळ्या बाहेर पडतात आणि उबदार हवेत अंड्यापासून भुंगेऱ्यापर्यंतचा प्रवास अडीच-तीन आठवड्यांत पुरा होतो. काळपट अंगावर नारिंगी ठिपके असलेली, सुसरीसारख्या आकाराची ही अळी वाढ पुरी होईपर्यंत काही शे मावा फस्त करते. दुर्दैवाने नेमकी हीच अवस्था शेतकऱ्याला ओळखू येत नाही आणि ‘नवीन कीड आली’ या समजुतीने तिच्यावर औषध मारले जाते.

ढालकिड्यांची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. मावा वाढल्यावरच ते जमतात, त्यामुळे सुरुवातीचा आठवडाभर तरी पीक त्यांच्या हवाली नसते. हा काळ धीराने काढता येतो, परंतु त्यासाठी नुसता मावा न पाहता मावा आणि त्याचे शत्रू दोन्ही मोजावे लागतात. हैदराबादच्या राष्ट्रीय वनस्पती आरोग्य व्यवस्थापन संस्थेच्या पीक-परिसंस्था विश्लेषण पद्धतीत कीड आणि मित्रकीटक यांच्या २:१ या गुणोत्तराचा, म्हणजे दोन किडींमागे एक मित्रकीटक या प्रमाणाचा, आधार घेतला जातो, तो याचसाठी. मात्र मिरची किंवा काकडीवर मोझॅकसारखा विषाणू पसरत असेल, तर ढालकिड्यांकडून रोग थांबण्याची अपेक्षा ठेवू नये. असे अनेक विषाणू मावा पानात सोंड खुपसल्यावर काही क्षणांतच सोडतो, आणि त्याला खाणारा कीटक तिथे पोहोचेपर्यंत नुकसान होऊन गेलेले असते.

वांगी लावणाऱ्यांसाठी येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ढालकिड्यांच्याच कुळातला एपिलॅक्ना भुंगेरा शाकाहारी आहे आणि तो वांग्याची पाने शिरा तेवढ्या ठेवून खरवडतो. त्याची पाठ मळकट तांबूस व बारीक लव असलेली असते, तर मित्र ढालकिड्याची पाठ गुळगुळीत आणि चकचकीत असते. एपिलॅक्नाची अळी पिवळी व फांद्याफांद्यांच्या काट्यांनी भरलेली असते. ही ओळख पक्की झाल्याशिवाय यांतला कोणताही मार्ग निवडण्यात अर्थ नाही.

आता क्रिप्टोलेमस. सुमारे चार मिलिमीटर लांबीचा, काळपट पाठीचा आणि नारिंगी डोक्याचा हा भुंगेरा मूळचा ऑस्ट्रेलियाचा आहे. भारतात तो १८९८ मध्ये कॉफीवरील हिरव्या खवले किडीसाठी आणला गेला. ते काम त्याच्याकडून नीट झाले नाही, परंतु दक्षिण भारतात तो रुजला आणि पुढे पिठ्या ढेकणाचा शत्रू म्हणून नावाजला. लाल भोपळ्यावर पिठ्या ढेकूण वाढवून त्यावर क्रिप्टोलेमस पोसण्याची पद्धत आज प्रचलित आहे. द्राक्ष, पेरू, लिंबूवर्गीय फळबागा यांत त्याचे काम खरोखर मोलाचे आहे, पण भाजीपाल्याच्या बाबतीत मी तो सरसकट विकत घेण्याचा सल्ला देणार नाही.

त्याचे कारण त्याच्या जीवनक्रमात आहे. मादी पिठ्या ढेकणाच्या कापसासारख्या अंडीपिशव्यांजवळच अंडी घालते, म्हणून कीड विरळ असेल तर तिला घरच मिळत नाही. तिची एक पिढी पुरी व्हायला सुमारे महिना लागतो. तीन-साडेतीन महिन्यांच्या भेंडीत पिठ्या ढेकूण दिसायलाच निम्मा हंगाम जातो आणि भुंगेरे जम बसवतात तोवर पीक संपत आलेले असते. शिवाय पारा १६ अंशांखाली गेला किंवा ३३ अंशांवर चढला की त्याची हालचाल मंदावते, म्हणजे नाशिकची कडक थंडी आणि विदर्भाचा उन्हाळा दोन्ही त्याला मानवत नाहीत. खोडव्याची वांगी, शेवगा किंवा संरक्षित शेतीतली दीर्घ मुदतीची पिके यांत मात्र खर्च सार्थकी लागू शकतो. तिथेही आधी झाडावरच्या मुंग्यांचा बंदोबस्त करावा, कारण ढेकणातून पाझरणाऱ्या गोड चिकट्यासाठी त्या पिठ्या ढेकणाची राखण करतात आणि भुंगेऱ्यांना हुसकावतात. क्रिप्टोलेमसची अळी पांढऱ्या मेणाच्या झालरींनी झाकलेली असल्यामुळे थेट पिठ्या ढेकणासारखी दिसते. विकत आणलेल्या भुंगेऱ्यांची पिल्लावळ कीड समजून मारली जाणे यासारखे वाया जाणे दुसरे नाही.

ढेकूण कोणता, हेही पाहावे लागते. पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोइमतूर भागात आढळला आणि वेगाने पसरला, तेव्हा निर्णायक नियंत्रण भुंगेऱ्यांनी नव्हे, तर २०१० मध्ये प्वेर्तो रिकोहून आणलेल्या असेरोफॅगस या परोपजीवी गांधीलमाशीने केले.

जमिनीवरचे भुंगेरे विकत मिळत नाहीत, त्यांना जागा द्यावी लागते. ढेकळांखाली, पालापाचोळ्यात आणि बांधावरच्या गवतात दिवसा दडणारे हे काळे, चपळ भुंगेरे रात्री बाहेर पडून रोपे कुरतडणाऱ्या अळ्या, मातीतले कोष आणि किडींची अंडी खातात. काजवाही भुंगेराच आहे आणि त्याच्या अळ्या गोगलगायी खातात. इंग्लंडमध्ये १९८० च्या दशकात शेताच्या मधोमध गवताचे उंचवटे राखून या भुंगेऱ्यांना हिवाळी आसरा देण्याची पद्धत विकसित झाली. आपल्याकडे बांध तणनाशकाने स्वच्छ करण्याची किंवा पेटवून देण्याची जी सवय लागली आहे, ती याच्या नेमकी उलट आहे आणि ती मला मनापासून खटकते. आपल्या शेतात हे भुंगेरे आहेत की नाहीत, हे पाहायला प्लास्टिकचा पेला मातीत काठापर्यंत पुरून रात्रभर ठेवावा आणि सकाळी मोजून सोडून द्यावेत. या मार्गाचे फळ दिसायला दोन-तीन हंगाम लागतात, त्यामुळे एका वर्षासाठी खंडाने घेतलेल्या जमिनीत तो फारसा उपयोगी नाही.

मावा हीच मुख्य अडचण असेल तर पैसे भुंगेऱ्यांवर न घालता भेंडीभोवती मका किंवा ज्वारीच्या दोन ओळी लावाव्यात. या तृणधान्यांवर येणारा मावा भेंडीवर टिकत नाही, मात्र त्यावर पोसलेले ढालकिडे भेंडीत उतरतात. कोबीत चौकोनी ठिपक्यांच्या पतंगासाठी सापळा म्हणून दर २५ ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी लावण्याची शिफारस आहे आणि या मोहरीवरही मावा व ढालकिडे भरपूर जमतात. पण सापळा म्हणून तीच मोहरी कीटकनाशकाने फवारली की आसरा संपतो. पतंगाचा त्रास कमी असलेल्या हंगामात मी मोहरी न फवारता ठेवणे पसंत करीन. वांग्याची शेंडा व फळ पोखरणारी अळी हा मुख्य प्रश्न असेल, तर तिघांपैकी कोणीही पुरेसे नाही. ती फळाच्या आत असते.

निवड कोणतीही असो, ती टिकते की नाही हे फवारणी ठरवते. कॅलिफोर्नियातल्या संत्रावर्गीय बागा व्हेडालिया ढालकिड्याने १८८० च्या दशकाअखेरीस खवले किडीपासून वाचवल्या होत्या, पण १९४० च्या दशकात डीडीटी हे कीटकनाशक आले आणि ढालकिडे मरताच जुनी खवले कीड पुन्हा उसळली. निओनिकोटिनॉइड व सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटांतली औषधे भुंगेऱ्यांना थेट मारतात. पायरीप्रॉक्सिफेनसारखे वाढनियंत्रक मात्र प्रौढाला धक्का न लावता अंडी उबू देत नाहीत किंवा कोषातून भुंगेरा निघू देत नाहीत, त्यामुळे शेतात ढालकिडे दिसत राहतात आणि पुढची पिढी येतच नाही. म्हणून क्रिप्टोलेमसची मागणी नोंदवण्याआधी मागच्या महिन्याभरात काय फवारले ते वहीत पाहावे, आणि त्यात यांपैकी काही असेल तर त्या पिकात भुंगेरे सोडू नयेत.