लोवेलचं बूट कॉटन मिल्स म्युझियम: मागांच्या खात्यातून थेट परत फिरू नका

अमेरिका शेतकऱ्यांच्या देशापासून कारखान्यांचा देश कशी झाली, हे एका जागी उभं राहून समजून घ्यायचं असेल तर मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेलला जावं. बॉस्टनच्या नॉर्थ स्टेशनवरून लोकलने साधारण पाऊण तास लागतो. जॉन स्ट्रीटवरची बूट मिल ही सुती कापडाची गिरणी (‘बूट’ हे आडनाव, पायातले बूट नव्हेत) १८३५ साली स्थापन झाली. आज तिथलं संग्रहालय अमेरिकी सरकारची नॅशनल पार्क सर्व्हिस चालवते, आणि फार चांगलं चालवते.

तळमजल्यावर विणकाम खातं आहे. इथे ८८ माग आहेत आणि ते छताजवळच्या लोखंडी शाफ्टवरून उतरणाऱ्या पट्ट्यांवर चालतात. सगळे एकदम चालवत नाहीत, तरी जमीन हादरते. दारात मिळणारे कानातले बोळे घ्याच. इचलकरंजी-भिवंडीचा खडखडाट ज्यांच्या परिचयाचा आहे, त्यांना धोटा (आडवं सूत इकडून तिकडे नेणारा), फणी, बीम सगळं लगेच ओळखू येईल.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवून बघावं. हे ड्रेपर कंपनीचे विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे माग आहेत. त्यांत धोट्यातली सुताची कांडी संपली की माग न थांबता आपोआप बदलते. १८३०च्या दशकात मागावर काम करणाऱ्या मुलीला माग थांबवून नवी कांडी घालावी लागे आणि धोट्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढून घ्यावं लागे. त्याबरोबर कापसाची धूळ छातीत जाई आणि एकीचा आजार दुसरीला लागे. मॅसॅच्युसेट्सने ही पद्धत १९११ साली बंद केली. शिवाय आज शाफ्ट विजेवर फिरतो, तेव्हा तो पाण्यावर फिरे.

म्हणून कालवे वगळू नयेत. मेरिमॅक नदी पॉटकेट धबधब्यापाशी सुमारे ३२ फूट खाली येते. तेवढ्या उताराचं पाणी साधारण ९ किलोमीटरच्या कालव्यांतून गिरण्यांना वाटून दिलेलं होतं. पूर आला तर पाणी जास्त मिळेल असं वाटतं, पण घडे उलटं: गिरणीखालची पातळी चढे, उतार कमी होई आणि चाकं मंदावत. कालवे सांभाळणाऱ्या कंपनीचे अभियंता जेम्स फ्रान्सिस यांनी पूर अडवण्यासाठी १८५०मध्ये कालव्यावर टांगलेला अवजड लाकडी दरवाजा लोकांना उधळपट्टी वाटला. १८५२च्या पुरात त्याची साखळी तोडून तो खाली सोडला आणि शहर वाचलं. बोटीच्या फेऱ्या फक्त हंगामात असतात, वेळापत्रक आधी बघावं.

वरच्या मजल्यावर इतिहासाचं प्रदर्शन आहे. गर्दी बहुधा माग बघूनच पांगते. तुम्ही मात्र वर किमान तासभर द्या, आणि जाण्याआधी अमेरिकेचा १८१६चा आयात मालावरचा जकात कायदा वाचून जा. ज्यांचं नाव या शहराला मिळालं त्या फ्रान्सिस कॅबट लोवेल यांनी इंग्लंडच्या गिरण्या पाहून बॉस्टनजवळच्या वॉल्थमला १८१४मध्ये यंत्रमाग सुरू केला आणि दोन वर्षांनी वॉशिंग्टनला जाऊन या कायद्यासाठी खटपट केली. सुती कापडावर २५ टक्के जकात बसली, पण खरी मेख किमान किमतीत होती: कापड कितीही स्वस्त असो, ते चौरस वाराला २५ सेंटचं धरायचं. म्हणजे दहा सेंटच्या कापडावरही सव्वासहा सेंट जकात, प्रत्यक्षात साडेबासष्ट टक्के. या एका कलमाने भारतातलं जाडंभरडं कापड अमेरिकेच्या बाजारातून हटवलं. इंग्लंडच्या तलम मालाला त्याची झळ फारशी लागली नाही. आपल्याकडच्या विणकरांच्या हलाखीचा विषय निघाला की बोट मँचेस्टरकडेच जातं; हा धागाही तिथे जोडायला हवा.

कापूस दक्षिणेतल्या गुलामांच्या श्रमातून येई आणि लोवेलचं भरड कापड त्यांच्याच अंगावर घालायला परत दक्षिणेला जाई. मॅसॅच्युसेट्सचे गुलामगिरीविरोधी नेते चार्ल्स समनर यांनी १८४८मध्ये चाबूकवाल्या (गुलामांचे मालक) आणि मागवाल्या (गिरणीमालक) धनिकांच्या युतीवर टीका केली ती यामुळेच. १८६१ला यादवी युद्ध सुरू झाल्यावर इथल्या काही कंपन्यांनी साठवलेला कापूस विकून टाकला आणि कामगारांना घरी बसवलं. त्याच युद्धाने मुंबईत कापसाची तेजी आणली. तो फुगा १८६५मध्ये फुटला.

शेजारच्या मोगन सेंटरमध्ये गिरणीतल्या मुलींच्या वसतिगृहाचं प्रदर्शन आहे. आठवड्याला सुमारे ७३ तास काम, घंटेवर जेवण, घंटेवर झोप. १८३४मध्ये मजुरी कापली तेव्हा आणि १८३६मध्ये राहण्या-जेवण्याचे दर वाढवले तेव्हा त्या काम सोडून रस्त्यावर आल्या. गिरणी कामगार सारा बॅगली यांच्या पुढाकाराने त्यांनी दहा तासांच्या दिवसासाठी विधिमंडळाकडे अर्ज केले. स्त्रिया आणि मुलांसाठी तसा कायदा व्हायला १८७४ उजाडलं.

आमच्या मते क्रम असा ठेवावा: आधी वसतिगृह, मग माग, मग वरचा मजला, शेवटी कालवे. अर्धा दिवस हाताशी हवा.