टक्के, गाड्या की मिनिटं? सांगली-मिरजेच्या सिटी बससाठी टार्गेट कुठलं मागायचं

आमच्या कॉलनीतल्या लोकांनी सिटी बससाठी निवेदन द्यायचं ठरवलंय. आता नुसतं "सुधारणा व्हावी ही विनंती" लिहिलं तर कागद फाइलीत जाणार हे सगळ्यांना माहितेय, आकडा पाहिजे, आणि तिथंच घोडं अडलंय. काहीजण म्हणतात दहा वर्षात निम्मे लोक बसनं फिरले पाहिजेत असं ठोकून लिहा, काहीजण म्हणतात इतक्या इतक्या बस द्या म्हणा, आणि मी एकटा बस किती मिनिटांनी येते ते लिहा म्हणून मिनिटं मिनिटं करत बसलोय. तुमच्याकडं पण असलं काही चालू असेल तर तिन्ही शेजारी ठेवून बघा.

टक्केवारी ऐकायला दमदार वाटते, ते मान्य. व्हिएन्नानं २०२५ पर्यंत ८० टक्के प्रवास चालत, सायकलनं नाहीतर बस-ट्राम-मेट्रोनं असं टार्गेट धरलं होतं, पण त्यांनी २०१२ लाच वर्षाचा पास ३६५ युरो करून टाकलेला, म्हणजे दिवसाला एक युरो, आणि २०२२ पासून जवळजवळ अख्ख्या शहरात रस्त्यावर गाडी लावायला पैसे. हे सगळं हातात असल्यावर ८० म्हणायला काय जातंय. दिल्लीच्या २०२१ पर्यंतच्या मास्टर प्लॅनमधे पण ८० टक्केच लिहिले होते, तिथं काय झालं ते दिल्लीत एकदा ट्रॅफिकमधे अडकलेल्या कुणालाही विचारा. आणि टक्के कशाचे? चालत जाणारे धरायचे का नाही, शेअर रिक्षा सार्वजनिक धरायची का खाजगी, वडाप, म्हणजे सीटवर माणसं भरणाऱ्या खाजगी जीपा, कुठं बसवायचं? प्रत्येकजण आपल्या सोयीनं मोजणार. घरोघरी सर्व्हे केल्याशिवाय खरा आकडा निघत नाही आणि निघेपर्यंत सही करणाऱ्या साहेबांची दोनदा बदली झालेली असते.

गाड्यांचा आकडा त्यामानानं सरळ. केंद्र सरकारच्या शहरी वाहतुकीच्या मापदंडात चांगल्या सेवेसाठी हजार लोकांमागं ०.६ बस धरलीये. २०११ च्या जनगणनेत आपली सांगली, मिरज, कुपवाड तिन्ही शहरं मिळून पाच लाखाच्या थोडी वर, म्हणजे साधारण ३०० बस. हा आकडा मीटिंगमधे सांगितला तर सगळे हसले. पण हसणं सोडा, दिल्लीत १९९८ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं होतं की १ एप्रिल २००१ पर्यंत १०,००० बस करा, वीस वर्षांनंतर पण तेवढ्या झाल्या नव्हत्या. कोर्टाची ही गत तर आपल्या निवेदनाचं काय. शिवाय पंक्चर होऊन डेपोत उभी असलेली बस पण कागदावर बसच असते. हां, एका ठिकाणी हा आकडा कामाचा आहे, २०२३ ची पीएम ई-बस सेवा योजना गाड्यांच्या हिशोबातच बोलते, १०,००० बस आणि तीन लाखाच्या वरची शहरं, त्यामुळं तिथं मागायचं तर गाड्याच मागाव्या लागतात. (साताऱ्यासारखं छोटं शहर त्या लोकसंख्येत बसत नाही.)

आता मिनिटं. सांगलीत विश्रामबागच्या थांब्यावर संध्याकाळी सहा-साडेसहाला उभं राहून बघा एकदा. मागच्या आठवड्यात माझ्या शेजारी एक मावशी होत्या, मिरजेला दवाखान्यात कुणाला तरी डबा द्यायचा होता, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात तिकिटाचे सुट्टे पैसे काढून मुठीत धरलेले. बस कधी येणार कुणालाच माहीत नाही, बोर्डावर वेळ नाही. समोर रिक्षावाला "मिरज मिरज मिरज, एक सीट" ओरडतोय. मावशींनी दोन रिक्षा सोडल्या, तिसरीत बसल्या, सुट्टे तसेच मुठीत. त्या काय बसच्या विरोधात नव्हत्या की ओ, डबा गार व्हायला लागला होता. गाडीवर फिरणारी पोरं पण तशीच, त्यांना पर्यावरण सांगून उपयोग नाही, क्लासला वेळेत पोचायचंय.

त्याच मापदंडात सरासरी वाट बघायची वेळ चार मिनिटं किंवा कमी असेल तर पहिला नंबर, दहाच्या वर गेली की शेवटचा. माणूस वेळापत्रक न बघता थांब्यावर येतो तेव्हा सरासरी दोन बसमधल्या वेळेच्या निम्मा वेळ थांबतो, म्हणजे दर आठ मिनिटाला बस पाहिजे. सांगली स्टँड ते मिरज स्टेशन ट्रॅफिकसकट ४० मिनिटं धरा, परत ४०, दोन्ही टोकांना पाच-पाच मिनिटं चहाची, झाली ९० मिनिटं. ९० ला ८ नं भागलं की १२ बस, दोन राखीव, १४. तीनशे ऐकून हसणारे चौदाला गप्प बसले.

यात खोट नाही असं नाही. मिरज रोडला आठ मिनिटं मिळाली तर कुपवाड एमआयडीसीतला शिफ्टवाला म्हणणार आमचं काय, आणि त्याचं बरोबर आहे. तीन बस एकामागं एक आल्या आणि मग अर्धा तास काहीच नाही, तरी दोन बसमधल्या वेळेची सरासरी छान दिसू शकते, म्हणून सरासरीपेक्षा दोन बसमधलं सगळ्यात मोठं अंतर लिहून घ्या. आणि रात्री साडेनऊपर्यंत पाहिजे हे वेगळं लिहा, नाहीतर सातला बंद करून टार्गेट पूर्ण म्हणतील. साताऱ्यात मात्र मी आठ मिनिटं मागणार नाही, छोटं गाव आहे, तिथं पोवई नाक्यावर सांगितलेल्या वेळेला बस आली तरी लोक बसतील, त्यामुळं तिथं वेळ पाळण्याचं टार्गेट.

वीस वर्षांचा आराखडा होत असेल, शेजारची गावं, पार्किंग, रस्ते सगळं त्यात असेल, तर टक्केवारीच लिहा आणि मोठी लिहा, कारण तिच्याशिवाय पार्किंगला हात लावायची कुणाची हिंमत होत नाही. निवेदन असेल तर मिनिटं. आमच्यात अजून दोघं टक्क्यावर अडून बसलेत, पण मोजायचं ठरलंय, संध्याकाळी पाच ते आठ, वही आणि घड्याळ. विश्रामबागचा थांबा मी घेतलाय, मिरज स्टेशनला अजून कोण तयार नाही.