वाइडलक्स की एक्सपॅन: रुंद फ्रेमसाठी कोणता कॅमेरा घ्यावा?

दोन्हींत साधा 35 मिमीचाच रोल लागतो आणि 36 फोटोंच्या रोलवर दोन्हींत 21 रुंद फ्रेम बसतात. साम्य जवळपास तिथेच संपतं.

वाइडलक्स एफ7 मध्ये 26 मिमीची लेन्सच फिरते. फिल्म आत कमानीसारखी वळलेली असते आणि एक उभी फट तिच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रकाश टाकत जाते. म्हणून फोटोत थोडा काळही साठतो. लेन्सच्या फिरण्याच्या दिशेनं चालणारा माणूस लांब ताणला जातो, उलट दिशेनं येणारा बारीक होतो. समोरची सरळ भिंत मध्यभागी फुगते. कॅमेरा जरा वर-खाली झुकला की क्षितिज वाकतं, तेव्हा लेव्हलच्या बुडबुड्यावर नजर हवीच. आणि धरताना बोटं मागे ठेवा, पुढे आली तर फ्रेममध्ये येतात. शटरचे वेग तीनच: 1/15, 1/125, 1/250. फोकस बदलता येत नाही. प्रकाश मोजणारं मीटर नाही, बॅटरीही नाही.

एक्सपॅन 1998 चा, हॅसलब्लाड आणि फुजीफिल्मनं मिळून केलेला. फिल्म सपाट, फ्रेम 24×65 मिमी, त्यामुळे इमारतींच्या रेषा सरळ राहतात. रेंजफाइंडरनं, म्हणजे खिडकीत दिसणाऱ्या दोन प्रतिमा जुळवून, नेमका फोकस साधता येतो, मीटर आहे, रोल अर्ध्यावर असतानाही नेहमीच्या फ्रेमवर जाता येतं. कॅमेऱ्यात रोल घातला की तो आधी सगळी फिल्म बाहेर ओढून घेतो आणि एकेक फोटो काढला की ती परत डबीत जाते. चुकून मागचं झाकण उघडलं तरी काढलेले फोटो वाचतात. ही सोय मला फार आवडते. पण सगळा भार इलेक्ट्रॉनिक्सवर. सर्किट गेलं तर सुटे भाग मिळणं कठीण.

वास्तू आणि निसर्ग काढायचे असतील तर एक्सपॅन. तरी त्याच्या 45 मिमी लेन्सची रुंदी साध्या कॅमेऱ्यावरच्या 25 मिमी लेन्सइतकीच आहे. वर-खाली कापलं की तसाच फोटो मिळतो, निगेटिव्ह मात्र लहान राहतं. फिरत्या लेन्सचं चित्र असं कापून मिळत नाही. गर्दीत शिरून, माणसांच्या अगदी जवळून फोटो काढणाऱ्यानं वाइडलक्सच घ्यावा, असं माझं ठाम मत आहे.

मात्र घेण्याआधी तिन्ही वेगांवर मोकळ्या आकाशाचे फोटो काढून बघा. लेन्स अडखळत फिरत असेल तर आभाळावर उभे पट्टे दिसतात, सहसा 1/15 वर आधी. आणि लॅबला रोल देताना निगेटिव्ह कापू नका म्हणून बजावा, नाहीतर कात्री नेमकी फ्रेमच्या मधोमध चालते.