आयसोप्रोपिल अल्कोहोल, पाच लिटरचा कॅन: माल चोख, लेबल काठावर पास

आमच्या लहानशा ऑफसेट छापखान्यात फाउंटनच्या पाण्यात, म्हणजे छपाईच्या प्लेटला ओलावा देणाऱ्या मशीनच्या ट्रेमधल्या पाण्यात, आठ ते दहा टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेले 'आयपीए', मिसळण्याची जुनी पद्धत आहे. गेले वर्षभर ते आम्ही एका स्थानिक विक्रेत्याकडून पाच लिटरच्या कॅनमध्ये घेत आहोत. मालाबद्दल तक्रार नाही. पाण्याचा थर प्लेटवर पातळ आणि एकसारखा बसतो आणि शाई-पाण्याचे गणित लवकर जुळते.

तक्रार आहे ती कॅनबद्दल. त्याचे तोंड रुंद असून त्याला चोच नाही, त्यामुळे भरलेला कॅन वाकवताच पहिली धार ट्रेबाहेर जाते. गेल्या जुलैत पावसामुळे खिडक्या बंद असताना असेच सांडले, आणि मशीनवर असलेले आमचे सहकारी डोळे चुरचुरतात, डोके जड झाले म्हणत अर्धा तास बाहेर ओसरीत जाऊन बसले. तोंडावर मास्क होता, पण तो कापडी; कापड काय किंवा एन-९५ काय, धूळ अडवते, वाफ नव्हे.

लेबलवर आगीचे चिन्ह ठळक आहे आणि ते हवेच, कारण हा द्रव सुमारे १२ अंश सेल्सिअसलाच पेट घेण्याइतकी वाफ सोडतो. श्वासाबद्दल मात्र 'हवेशीर जागी वापरावे' एवढी एकच ओळ आहे. अमेरिकेतील 'ओशा' या कामगार-सुरक्षेच्या सरकारी संस्थेची कायदेशीर मर्यादा आठ तासांच्या सरासरीने ४०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४०० भाग वाफ) आहे, तर 'एसीजीआयएच' ही तेथील तज्ज्ञांची संस्था २०० पीपीएमच सुचवते आणि १५ मिनिटांपुरती ४०० पर्यंत सूट देते. 'नायॉश' ही तिथलीच सरकारी संशोधन संस्था २,००० पीपीएमला जिवास तत्काळ धोका मानते, आणि तो आकडाही मुख्यतः स्फोटाच्या भीतीने ठरवलेला आहे.

हे आकडे कागदावर मोठे वाटतात, म्हणून मी हिशेब करून पाहिला. वीस बाय पंधरा फुटांच्या, दहा फूट उंचीच्या बंद खोलीत अवघे ५३ मिलिलिटर आयपीए उडून गेले, तरी सगळ्या हवेत २०० पीपीएम भरतात. कटिंग चहाच्या ग्लासातही याहून जास्त मावते. त्यात ही वाफ हवेच्या दुपटीने जड असल्याने ओतताना ट्रेच्या आसपास खालीच रेंगाळते, आणि आमचा एक्झॉस्ट पंखा होता छताला लागून!

सुरक्षा माहितीपत्रक दोनदा मागितल्यावर तिसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर आले. त्याच्या आठव्या विभागात या मर्यादा व्यवस्थित दिलेल्या आहेत, मग ते कॅनसोबतच का येत नाही, हे कळत नाही. आता पंख्याचे तोंड ट्रेजवळ आणले आहे, हाताला नायट्राइलचे मोजे आणि ओतताना सेंद्रिय वाफांच्या कार्ट्रिजचा मास्क असतो.

मालाला पाचपैकी साडेचार, कॅनला दोन. पुढची ऑर्डर दिली आहे, आणि त्यासोबत चोच लावून द्यावी, असे विक्रेत्याला लेखी कळवले आहे.