कूपर्सटाउनचे देवघर आणि ओसरी

न्यू यॉर्क राज्यातील कूपर्सटाउन या छोट्याशा गावी असलेले ‘नॅशनल बेसबॉल हॉल ऑफ फेम’ पाहायला आम्ही न्यू जर्सीहून गेलो, तेव्हा सोबत साताऱ्याहून आलेले सासरे होते. बेसबॉलशी त्यांचा काडीचा संबंध नाही. क्रिकेट मात्र ते पन्नास वर्षे पाहत आले आहेत.

१९३९ मध्ये खुल्या झालेल्या या वास्तूत खरे तर दोन संस्था एकत्र नांदतात. एक म्हणजे वरच्या मजल्यांवरचे संग्रहालय आणि दुसरी म्हणजे खालच्या मजल्यावरचे सन्मानदालन. तेथे ओकच्या लाकडी भिंतींवर साडेतीनशेच्या आसपास कांस्याच्या पाट्या लावलेल्या आहेत आणि प्रत्येक पाटीवर खेळाडूचा उठावातला चेहरा, नाव, संघ आणि कर्तृत्वाच्या चार-सहा ओळी आहेत. या दालनात लोक आपोआप आवाज खाली आणतात.

संग्रहालयाला मी पैकीच्या पैकी गुण देईन, कारण ते काही लपवत नाही. बॅरी बाँड्सने २००७ मध्ये कारकिर्दीतला ७५६ वा होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखा फटका) मारून विक्रम मोडला, तो चेंडू एका फॅशन उद्योजकाने साडेसात लाख डॉलरांहून अधिक किमतीला घेतला, त्याचे काय करावे यावर लोकांचे मत मागवले आणि त्यावर चक्क तारांकन कोरून तो या संग्रहालयाला दिला. उत्तेजक द्रव्यांचा संशय त्या चेंडूच्या कातड्यावरच उमटला आहे. ४,२५६ हिट्सचा (यशस्वी फटक्यांचा) विक्रम करणारा पीट रोझही वरच्या मजल्यांवर भेटतो. परंतु सामन्यांवर पैजा लावल्याबद्दल १९८९ मध्ये त्याच्यावर कायमची बंदी आली; ती त्याच्या मृत्यूनंतर २०२५ मध्ये उठली, पण खालच्या दालनात त्याची पाटी नाही. सासरे म्हणाले, “म्हणजे ओसरीवर बसायची परवानगी, देवघरात नाही.” या संस्थेचे इतके अचूक वर्णन मी इंग्रजीतही वाचलेले नाही.

माझी तक्रार आहे ती या देवघराबद्दल. प्रवेशासाठी ७५ टक्के मते लागतात आणि मतदारांनी खेळाबरोबर प्रामाणिकपणा, खिलाडूवृत्ती व चारित्र्यही पाहावे, असे नियमच सांगतो. घरगुती हिंसेचे आणि लैंगिक छळाचे आरोप झाल्यावर ओमर विझकेल या खेळाडूची मते २०२० मधील ५२.६ टक्क्यांवरून २०२२ मध्ये २३.९ टक्क्यांवर आली. म्हणजे उंबरठ्यावर वर्तन मोजले जाते; एकदा आत गेल्यावर मात्र कोणीही मोजत नाही. रॉबर्टो अलोमार या खेळाडूला २०११ मध्ये हा सन्मान मिळाला. लैंगिक गैरवर्तनाच्या तक्रारीची स्वतंत्र चौकशी झाल्यानंतर २०२१ मध्ये मेजर लीगने (अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल लीगने) त्याचे नाव अपात्रांच्या यादीत टाकले आणि टोरांटोच्या संघाने मैदानातून त्याच्या नावाचा फलक उतरवला. कूपर्सटाउनने मात्र निवडीच्या वेळी तो पात्र होता, असे सांगून पाटी राहू दिली.

पाटी काढू नये, हे मलाही पटते. निवड झाली ती खेळावर झाली आणि ते चेंडू त्याने खरोखरच अडवले होते. शिवाय एकदा पाट्या उतरवायला घेतल्या, तर थांबायचे कोठे? ज्यांच्या कारकिर्दीत एकाही कृष्णवर्णीय खेळाडूला या लीगमध्ये खेळता आले नाही, त्या आयुक्त लँडिस यांचे नाव सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्कारावरून २०२० मध्ये वगळले गेले, पण त्यांची पाटी येथे आहेच.

तरीही, पाटी हा त्या काळाचा दस्तऐवज असून त्याला हात लावायचा नसतो, हे कारण मात्र टिकत नाही, कारण याच संस्थेने पाट्या नव्याने ओतल्या आहेत. जॅकी रॉबिन्सनच्या पहिल्या पाटीवर त्याने वर्णभेदाची भिंत पाडल्याचा उल्लेखच नव्हता. २००८ मध्ये तो असलेली नवी पाटी लावण्यात आली. रॉबर्टो क्लेमेंटेच्या नावातील चूकही अशीच नवी पाटी लावून दुरुस्त केली गेली. गौरवासाठी कांस्य पुन्हा वितळवता येत असेल, तर ‘२०२१ मध्ये अपात्र घोषित’ एवढी एक ओळ वाढवणे काही अशक्य नाही. अलोमारच्या पाटीसमोर उभे राहून मी ती अथपासून इतिपर्यंत दोनदा वाचली. त्यात फक्त खेळ आहे.

प्रत्यक्ष भेटीबद्दल सांगायचे, तर पूर्ण दिवस हाताशी ठेवावा. उन्हाळ्यात मुख्य रस्त्यावर गाडी लावायला जागा शोधण्याच्या भानगडीत पडू नये. गावाबाहेरच्या वाहनतळावरून ट्रॉली मिळते. बेसबॉल कळत नसला तरी कंटाळा येत नाही, याला सासरे साक्षी आहेत. निघताना त्यांनी दुकानातून पाट्यांची चित्रे असलेल्या पोस्टकार्डांपैकी एकच निवडले, ते क्लेमेंटेचे. भूकंपग्रस्तांसाठी निकाराग्वाला मदत घेऊन जाताना १९७२ च्या शेवटच्या दिवशी त्याचे विमान कोसळले आणि त्याच्यासाठी खेळ थांबल्यावर निवडीसाठी पाच वर्षे थांबण्याची अट बाजूला ठेवण्यात आली, हे मी त्यांना गाडीत सांगितले. त्यांनी कार्ड उलटसुलट करून पाहिले आणि चष्म्याच्या डबीत ठेवले.