परदेशी बायकोसाठी मुंबईत ओसीआय घ्यावं की दरवर्षी व्हिसा वाढवावा? आम्ही दोन्ही केलंय

लग्नाला दोन वर्षं होत आली की हा प्रश्न येतोच. बायको किंवा नवरा परदेशी पासपोर्टवर, एक्स व्हिसा (भारतीयाच्या जोडीदाराला मिळणारा एन्ट्री व्हिसा) घेऊन मुंबईत राहतोय, मग आता ओसीआयला, म्हणजे ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडियाच्या कार्डाला, अर्ज टाकायचा की जे चाललंय तेच चालू ठेवायचं, म्हणजे दरवर्षी व्हिसा वाढवत बसायचं. माझी मिसेस फिलिपिन्सची आहे आणि मी जहाजावर सेकंड इंजिनीअर, वर्षातले सहा-सात महिने घरात नसतो. हे आधीच सांगतो कारण माझं मत बरंचसं त्यामुळेच बनलंय. जो माणूस रोज संध्याकाळी घरी येतो त्याचा हिशोब वेगळा असू शकतो.

व्हिसाची बाजू लोक सांगतात तेवढी वाईट नाही. १८० दिवसांपेक्षा मोठ्या व्हिसावर आलं की १४ दिवसांत रजिस्ट्रेशन, ते एकदा झालं की पुढचं एक्स्टेन्शन २०१८ पासून ई-एफआरआरओवर, म्हणजे परदेशी लोकांच्या नोंदणी ऑफिसच्या वेबसाईटवर, ऑनलाईनच होतं. कागद स्कॅन करून चढवायचे, पैसे भरायचे, बोलावलं तरच झेवियर्स कॉलेजच्या मागे बद्रुद्दीन तय्यबजी लेनला जायचं. आम्हाला तीन वर्षांत एकदाच जावं लागलं आणि तिथल्या मॅडमनी सगळं नीट समजावून सांगितलं. तेव्हा "सरकारी ऑफिस म्हणजे खेटे" ही भीती मनात धरून निर्णय घेऊ नका.

आम्हाला नडलं ते घर. आमची गिरगावातली बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली, आई आणि आम्ही दोघं भांडुपला भाड्याने राहायला आलो. आता मुंबईत भाड्याचं अ‍ॅग्रीमेंट म्हणजे ११ महिन्यांचं, आणि आम्हाला व्हिसा मिळायचा एकेक वर्षाचा. ह्या दोन तारखा कधी जुळतच नाहीत. अ‍ॅग्रीमेंट दरवर्षी एक महिना अलीकडे येतं, व्हिसा आहे तिथेच, अर्जाला जोडायला चालू अ‍ॅग्रीमेंट लागतं आणि आमचं नेमकं तेव्हा संपत आलेलं असायचं. लाईट बिल मालकाच्या नावावर. फॉर्म सी, म्हणजे घरात परदेशी माणूस राहतोय हे कळवणारा फॉर्म, मालकाने भरायचा. आमचे मालक पुण्याला, माणूस भला, पण "परदेशी बाई, पोलीस, फॉर्म" असं म्हटलं की त्यांचा आवाजच बदलायचा, आणि प्रत्येक वेळी त्यांना पहिल्यापासून पटवायचं हे काम मी नसलो की माझ्या आईकडे.

दुसऱ्या वर्षी तर कहर झाला. फिलिपिन्समध्ये मधलं नाव म्हणजे आईचं माहेरचं आडनाव. आपल्याकडे मधलं नाव म्हणजे वडिलांचं नाहीतर नवऱ्याचं. भाड्याच्या नव्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये एजंटने सवयीने तिच्या नावात मधे माझं नाव घातलं, तिच्या आईचं आडनाव पार उडवलं, आणि रजिस्टर करून मोकळा झाला. साहजिकच पासपोर्टशी नाव जुळेना आणि व्हिसाचा अर्ज दुरुस्तीसाठी परत आला. मी तेव्हा डर्बनच्या जवळपास, नेट कधी आहे कधी नाही, व्हिसा संपायला नऊ दिवस. एजंट मला फोनवर सांगतोय, "साहेब, लग्नानंतर असंच लिहितात." शेवटी आई आणि ती रिक्षाने त्याच्या दुकानात गेल्या, आईने पासपोर्ट त्याच्या टेबलावर उघडा ठेवला आणि स्क्रीनवरचं एकेक अक्षर बोट ठेवून त्याच्याकडून वाचून घेतलं. मालकांना अ‍ॅग्रीमेंटवर अंगठा द्यायला परत पुण्याहून यावं लागलं. काम झालं, दोन दिवस शिल्लक असताना. त्या नऊ दिवसांत माझी बायको एक रात्र नीट झोपली नाही आणि मला तिथून काहीही करता येत नव्हतं. ओसीआयचं माझ्यापुरतं तेव्हाच ठरलं.

ओसीआयची अट सगळ्यांना माहीत असते, लग्न नोंदवलेलं हवं आणि अर्जाच्या आधी सलग दोन वर्षं टिकलेलं हवं. टुरिस्ट व्हिसावर असताना इथून अर्ज करता येत नाही, आणि सहा महिने सलग इथे राहिलेलं लागतं. १५,००० रुपये फी एकदम जाते. जोडीदाराच्या केसमध्ये सिक्युरिटी क्लिअरन्स कायद्यातच सांगितलंय, त्यामुळे घाई करून उपयोग नसतो. आम्हाला सगळं मिळून सात महिने लागले, तुम्हाला कमी लागतील किंवा जास्त. आम्हाला दोघांनाही समोर बोलावलं, म्हणजे माझी सुट्टी त्या हिशोबाने घ्यावी लागली, पण ती एकदाच. आणि कार्ड हातात येईपर्यंत व्हिसा जिवंत ठेवावाच लागतो, आमचं एक एक्स्टेन्शन त्याच मधल्या काळात झालं.

नंतरचा फरक मात्र खूप आहे. रजिस्ट्रेशन नाही, कितीही राहा. घर बदललं किंवा काम बदललं तर ईमेलने कळवायचं, बस. आधार आधी व्हिसाच्या तारखेपर्यंतच चालायचं, ओसीआयवाल्यांना ते १० वर्षं चालतं. व्हिसावर नोकरीची परवानगी वेगळी मागावी लागते, कार्डावर ती भानगड नाही, तिने सहा महिन्यांत काम धरलं. आणि एक छोटी गोष्ट, माझी मावशी नाशिकहून आली तेव्हा आम्ही घारापुरीला गेलो, पूर्वी तिथे आमचं तिकीट ४० आणि बायकोचं ६०० असायचं, ह्या वेळी कार्ड दाखवून तिने सगळ्यांची ४० ची तिकिटं स्वतः काढली. तिचा तो चेहरा मला कायम लक्षात राहील.

ओसीआय म्हणजे नागरिकत्व नाही हे डोक्यात असू द्या. मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, पत्रकारिता किंवा संशोधन करायचं असेल तर खास परवानगी. जोडीदार म्हणून मिळालेलं कार्ड घटस्फोट झाला तर रद्द होऊ शकतं, ही गोष्ट बायकोपासून लपवू नका, आधी बसून बोला. नवीन पासपोर्ट आला की दर वेळी तीन महिन्यांत त्याची कॉपी, फोटो आणि लग्न टिकून असल्याचं डिक्लेरेशन अपलोड करायचं, पैसे लागत नाहीत. तिचा पासपोर्ट १० वर्षांचा आहे, म्हणजे १० वर्षांतून एकदा. पूर्ण नागरिकत्वाला सात वर्षांचं वास्तव्य लागतं आणि आधीचा पासपोर्ट सोडावा लागतो, तिची आई तिकडे एकटी असताना तो विषय आम्ही काढलाच नाही.

वर्षा-दोन वर्षांत तुम्ही दोघं बाहेर जाणार असाल, किंवा स्वतःचं घर आहे आणि लाईट बिल तुमच्याच नावावर आहे, तर व्हिसा वाढवत राहणंही ठीक आहे असं मला वाटतं. पाकिस्तान किंवा बांगलादेशचं नागरिकत्व असेल, आधी कधी असलं तरी, ओसीआय मिळतच नाही, त्यांचा रस्ताच वेगळा. पण भाड्याने राहत असाल आणि नवरा बाहेरगावी असेल तर दोन वर्षं झाली की थांबू नका.

लग्न तिकडे झालं असेल तर दाखला अपॉस्टिल (दुसऱ्या देशात चालावा म्हणून तिथल्या सरकारचा शिक्का) करून आणा, फिलिपिन्समध्ये २०१९ पासून ते होतं, आणि दोन प्रती आणा. आमची एकच होती, ती ऐनवेळी तिकडून मागवायला पाच आठवडे गेले.